उकंडा मिस्त्रीनं केलेला हात

उकंडा मिस्त्रीनं मला एकदाही मारलं नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या काळच्या अमडापुरात असं छातीठोकपणे सांगू शकणारी माणसं फार नव्हती. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, आणि मिस्त्रीच्या हातचा मार खाल्लेले लोक पट्टीला माझ्याकडेच यायचे. कुणाची भुवई फुटलेली, कुणाचा दात हललेला. काय झालं विचारलं की सगळे म्हणायचे, पडलो. इतकी माणसं पडायला गावात तेवढे दगड तरी हवेत ना! मला त्या माणसाचा राग होता. आज इतक्या वर्षांनी त्याच्याविषयी सांगायला बसले तरी तो राग पुरता गेलेला नाही, तेव्हा माझ्याकडून त्याचं कौतुक निघालं तर ते नाइलाजानं निघालं असं समजा.

गावाबाहेर कापसाचा एक जिन होता. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांची लांब रांग, वर छपराखाली एक फिरता दांडा, त्यावरून प्रत्येक यंत्राला उतरलेला चामडी पट्टा, आणि भिंतीपलीकडे हे सगळं फिरवणारं ऑइल इंजिन. या सगळ्याचा धनी उकंडा मिस्त्री. मालक दुसराच कुणी होता, पण मालकसुद्धा इंजिनाच्या खोलीत शिरताना बाहेरून खाकरायचा. ठेंगणा, रुंद, मानेला जागाच नाही असा माणूस. त्याचे पंजे मात्र त्याच्या अंगाला न शोभणारे. बोटं लांब, सडपातळ, एखाद्या सतार वाजवणाऱ्याची असावीत तशी. त्या बोटांनी तो काय काय करायचा! नट आवळताना डोळे मिटून घ्यायचा. इंजिन तापलं की नाही हे उलट्या हातानं पाहायचा, आणि पाहायचा म्हणजे एखाद्या लेकराचा ताप पाहावा इतक्या हळू. किती आवळू, किती घासू असं कुणी विचारलं की त्याचं एकच उत्तर ठरलेलं. "मले नको इचारू. हाताले इचार."

यंत्रातला रूळ आणि पातं यांच्यातली फट मोजायची त्याची तऱ्हा तर जगावेगळी होती. जवळ जो उभा असेल त्याच्या डोक्याचा एक केस तो खस्सकन उपटायचा, फटीत घालायचा आणि ओढून बघायचा. केस किती अडतो त्यावरून फट किती ते सांगायचा. मालकाचाही केस त्यानं एकदा उपटला होता. लोखंडाच्या बाबतीत हा माणूस असा हळवा, आणि हाडामांसाच्या बाबतीत कसाई. याची सांगड मला कधी घालता आली नाही.

त्याची बायको रुखमा. सावळी, उंच, कमी बोलणारी. ती दवाखान्यात कधी आली नाही. पण तिच्या घरात काय चालतं हे गावातल्या एका बाईला नक्की ठाऊक असायचं, ती म्हणजे सुभद्रा कासारीण. सुभद्रा अमडापूर, धाड, साखरखेर्डा असे आठवड्याचे बाजार करायची. नवऱ्याला लकवा झालेला, घरात दोन पोरी, चूल पेटायची ती तिच्या एकटीच्या हातांवर. आणि हात तरी कसे होते! उजव्या हातानं समोरच्या बाईचा पंजा असा दाबायची की अंगठ्याची हाडं एकमेकांवर अल्लाद सरकायची, आणि डाव्या हातानं बांगडी वर ढकलायची. मनगटात बांगडी गेली कधी ते कळायचं नाही. माझे हात औषधांनी राठ झालेले, तरी मला ती सर्वांत लहान मापाच्या बांगड्या भरायची आणि वर थट्टा करायची की शिस्टरबाईचा हात कसा लोण्यावानी हाय.

बांगड्या भरणाऱ्या बाईपासून काही लपत नाही. कुणाच्या बांगड्या दिवाळीला बदलतात आणि कुणाच्या दर पंधरा दिवसांनी, हे तिला बरोबर माहीत. एकदा मिस्त्री बाजारातून चालला होता तर सुभद्रा सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, की मिस्त्री, तुमच्या घरानं माह्या धंद्याले मोठा आधार देल्ला. आजूबाजूच्या बायका खाली माना घालून हसल्या. मिस्त्रीनं जाता जाता तिची टोपली लाथेनं उडवली. घरी जाऊन रुखमाला मारलं ते वेगळंच.

खांडेनवमीला जिनात यंत्रांची पूजा व्हायची. हंगाम त्या मुहूर्तावर सुरू व्हायचा. आमच्याकडच्या बायका त्या यंत्रांना देवी मानायच्या. हळदीकुंकू, खणानारळाची ओटी तर असायचीच, पण प्रत्येक यंत्राच्या कडेला जे दांड्याचं टोक बाहेर निघालेलं असतं, त्यात हिरव्या बांगड्या भरायच्या. मशीन झालं तरी बाईमाणूस, मोकळ्या हातानं कसं ठेवावं, असं त्यांचं म्हणणं. या बांगड्या भरायचा मान सुभद्राचा. ते झालं की भिंतीपलीकडून मिस्त्री पट्टा ओढायचा, सगळी रांग एक चक्कर रिकामी फिरायची, आणि मग प्रसाद.

त्या वर्षी तिसऱ्या यंत्रापाशी एक बांगडी अडली. दांड्यावर गंजाचा कण होता म्हणे. दुसरी कुणी असती तर जोर लावून मोकळी झाली असती, पण देवीची बांगडी खांडेनवमीला वाढवायची कशी? सुभद्रा ती हळूहळू फिरवत, चोळत बसली. उजवा हात पट्ट्याच्या पलीकडे गेलेला. इकडे मालक मुहूर्त टळतो म्हणून घाई करायला लागला आणि पलीकडून मिस्त्री पट्ट्याच्या दांडीला हात घालून ओरडला, "ओढू का?"

मधल्या दारात मजुरांवर देखरेख करणारा जमादार गणपत उभा होता. त्याला दोन्हीकडचं दिसत होतं. 'थांबा' एवढं एकच त्यानं ओरडायचं होतं. पण महिन्याभरापूर्वी असंच मध्ये थांबा म्हटलं म्हणून मिस्त्रीनं त्याला पाना फेकून मारला होता. त्याच्या कपाळावरचे टाके मीच काढले होते. गणपत एक श्वासभर गप्प राहिला असेल, जास्त नाही. तेवढ्यात पट्टा सरकला.

मिस्त्रीनं तिला खांद्यावर टाकून आणलं. दवाखान्याचं दार लाथेनं उघडलं ते बिजागरीतून निघालं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ रक्त पाहिलं, पण चक्काचूर झालेल्या त्या पंजात हिरव्या काचा रुतल्या होत्या, त्या मला आजही दिसतात. मनगटापासून हात काढावा लागला. डॉक्टर काढत होते, मी धरून होते, आणि बाहेर अंगणात मिस्त्री गणपतला मारत होता. नुसत्या बुक्क्यांचा आवाज येत होता. मी रक्तानं भरलेल्या हातांनीच बाहेर धावले. गणपत खाली पडला होता, हा त्याच्या छातीवर बसून विचारत होता, "काऊन नाही ओरडला बे? दिसत होतं तं काऊन नाही ओरडला?"

गणपतच्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, पण निघाला तो मी ऐकला. "तुमच्या भेवानं."

मिस्त्रीची मूठ वर उचललेली होती ती तशीच राहिली. मग तो उठला आणि चालता झाला. गणपतच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या.

पुढे सुभद्राची जखम भरली, पण बाजार बसला. डाव्या हातानं एकटीनं बांगड्या भरता येत नाहीत. पोरी लहान, नवरा खाटेवर. ती दवाखान्यात पट्टीला यायची तेव्हा रडायची नाही, फक्त त्या थोट्या मनगटाकडे रागानं बघायची. आणि एक दिवस मिस्त्री तिच्या दारात एक लोखंडी पंजा घेऊन उभा राहिला. अंगठा आणि तीन बोटं, सायकलच्या ब्रेकची तार डाव्या खांद्यापर्यंत नेलेली. खांदा पुढं केला की बोटं मिटायची. तिनं त्याच्या अंगावर तो पंजा फेकून मारला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. असं आठ दिवस चाललं. शेवटी तिनं घातला. माझ्यापाशी म्हणाली, तो माह्यासाठी नाही करून राह्यला, त्याले झोप येत नाही म्हणून करून राह्यला, पण मले पोरी हायेत.

आता प्रश्न होता शिकायचं कुणाच्या हातावर. पोरींच्या हाताला लावणं शक्यच नव्हतं. मिस्त्रीनं स्वतःचा डावा हात पुढं केला. वाचणाऱ्यांपैकी जे आमच्याकडचे नाहीत त्यांना कदाचित हे कळायचं नाही. आमच्याकडे पुरुषाला 'बांगड्या भर' म्हटलं की मुडदा पडतो. आणि हा माणूस, ज्याच्या सावलीला गाव घाबरायचं, तो भरदिवसा जिनाच्या वर्कशॉपच्या ओट्यावर मांडी घालून बसायचा आणि कासारणीकडून बांगड्या भरून घ्यायचा. एकजण रस्त्यावरून हसत गेला. मिस्त्री उठला, त्याचा जबडा निखळवला, परत येऊन बसला आणि हात पुढं केला. त्या जबड्याचं काम माझ्याकडेच आलं.

पण लोखंडाला काही कळत नव्हतं. सुभद्रा खांदा जरा कमी पुढं करायची तर बांगडी अडून मोडायची आणि काच त्याच्या हातात घुसायची. जरा जास्त करायची तर हाड करकरायचं. खांद्याच्या एका झटक्यात अक्रोड फुटेल इतकी ताकद त्या बोटांत होती. रोज संध्याकाळी मी चिमट्यानं त्याच्या हातातली काच काढायचे. मी चिडून म्हटलं, मिस्त्री, हे थांबवा, हात सडेल. तो म्हणाला, "तिले समजत नाही शिस्टरबाई. डोळ्यानं दाबून राह्यली. हाताले इचारावं तं हातच नाही."

मग ती रक्तदाबाची गोष्ट. त्याच्या हाताला ताप भरला होता म्हणून डॉक्टरांनी त्याला तपासायला बसवलं आणि त्याच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून हवा भरली. मिस्त्रीनं एकदम डोळे मिटले. डॉक्टरांनी हवा सोडली तर म्हणाला, परत भरा. भरली. आता अर्धी सोडा. सोडली. असं चार वेळा. मग त्यानं तो पट्टा नळीसकट उपसला आणि निघाला. डॉक्टर आडवे आले तर त्यांना असं ढकललं की ते औषधांच्या कपाटावर आपटले. सरकारी सामान गेलं म्हणून पुढे मला बुलढाण्याहून खरमरीत पत्र आलं, त्याचं उत्तर काय लिहावं हे मला आजतागायत सुचलेलं नाही.

पंधरा दिवसांनी नवा पंजा आला. लोखंडी बोटांच्या टोकांना रबराच्या चपट्या पिशव्या, त्यात एरंडेल तेल भरलेलं. प्रत्येक पिशवीपासून सायकलच्या वालट्यूबची बारीक नळी दंडापर्यंत गेलेली, आणि तिथं कातडी पट्ट्याखाली दुसरी छोटी पिशवी. बोटांनी काही दाबलं की तेल वर सरकायचं आणि दंडावर तेवढाच दाब पडायचा. थोडं दाबलं तर थोडा, जास्त तर जास्त. एवढंच. मी माझं बोट त्या लोखंडी बोटात दिलं. सुभद्रानं डोळे मिटले, खांदा हळू हलवला, आणि अचानक तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मला वाटलं नळी टोचली. ती रडत होती. म्हणाली, "शिस्टरबाई, तुमचं बोट हाय. मले लागून राह्यलं. बोट हाय तुमचं."

मिस्त्री तिच्यावर खेकसला की रडू नको, तेल गळते का ते पाह्य. असा हा माणूस!

तेल गळायचंच. रबर फुगायचं, नळ्या निसटायच्या. तो शिव्या देत दुरुस्त करायचा, ती शिव्या खात शिकायची. एकदा त्यानं रागानं हातोडी आपटली तर तिनं तो लोखंडी पंजा त्याच्या कानफटात मारला, कान दोन दिवस वाजत होता म्हणे. दोन महिन्यांत मात्र त्याच्या हातात चढलेली बांगडी मोडेनाशी झाली. माझ्या चिमट्याचं काम संपलं.

आणि सुभद्रा बाजारात बसली. पण बसून काय? एक बाई पुढं यायला तयार नाही. दुरून बघायच्या, पंजा हलला की पदर तोंडाला लावायच्या आणि दुसऱ्या कासाराकडे जायच्या. दोन बाजार असे कोरडे गेले. तिसऱ्या बाजाराला मिस्त्री येऊन उभा राहिला आणि त्यानं जिनातल्या बायकांना दरडावलं, की जी हिच्याकडे बांगड्या भरणार नाही तिनं उद्यापासून कामाला यायचं नाही. दोघीतिघी घाबरून पुढं सरकल्यासुद्धा. सुभद्रा ताडकन उभी राहिली.

"तुह्या धाकानं आलेली बाई मले नको मिस्त्री. धाकानंच गेला माहा हात."

मी तिथंच भाजी घेत होते. मला वाटलं आता हा तिला मारतो. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्याच वेळी गर्दीतून रुखमा आली. बाजारात ती कधी यायची नाही. सरळ येऊन सुभद्रापुढं बसली आणि तिनं हात पुढं केला. मनगटावर एकही बांगडी नव्हती. बाहीच्या खाली दंडापर्यंत निळे-काळे वळ होते, काही जुने, काही कालचे. सगळ्यांनी पाहिले. पाहावेत म्हणूनच तिनं बाही वर सारली होती.

सुभद्रानं लोखंडी बोटं उघडली आणि रुखमाचा पंजा त्यात घेतला. डोळे मिटले. खांदा हलला, थांबला, परत किंचित हलला. डाव्या हातानं पहिली बांगडी सरकवली. मग दुसरी. दोन्ही हातांत डझनभर बांगड्या गेल्या, एकही मोडली नाही. रुखमा उठली. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दुखलं नाही मले. लोखंड हाय, तरी दुखलं नाही."

तशीच ती एसटीच्या थांब्याकडे गेली. साखरखेर्ड्याला तिचा भाऊ होता. परत ती कधी आली नाही. मिस्त्री तिला आणायला दोनदा गेला, दुसऱ्यांदा भावानं कुऱ्हाड काढली असं ऐकलं. सुभद्रापुढं मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बायकांची रांग होती.

पुढे माझी बदली धाडला झाली. तिथल्या बाजारात सुभद्रा भेटायची. पोरी मोठ्या झाल्या होत्या, एकीचं लग्नही ठरलं होतं. दर बाजारी मिस्त्री अमडापुराहून यायचा. एसटीतून उतरला की तेलाची बाटली घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसायचा. ती त्याच्याकडे न बघता पंजा पुढं करायची, तो पिशव्या दाबून बघायचा, तेल भरायचा आणि जायचा. केस पांढरे झाले होते. गावात आता कुणाला मारत नाही असं म्हणत. मला विचाराल तर मारायला घरात कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी मी तिच्याशेजारी बसले होते. एक दहा-बारा वर्षांची पोरगी बांगड्यांसाठी थांबली होती. मिस्त्रीनं तेल भरलं, झाकण लावलं आणि नेहमीसारखा स्वतःचा हात त्या लोखंडी बोटांत दिला. "पाह्य. जास्त तं नाही दाबत?"

सुभद्रानं पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खांदा पुढं गेला. थांबायला हवा होता तिथं थांबला नाही. मिस्त्रीच्या कपाळावर घाम आला. हाडाचा आवाज मी ऐकला, मला तो आवाज चांगला ओळखू येतो. मी ओरडले, सुभद्राबाई, सोडा, समजत नाही का तुम्हाला?

"समजून राह्यलं शिस्टरबाई," ती शांतपणे म्हणाली. "सगळं समजून राह्यलं."

त्यानं हात ओढून घेतला नाही. तिनं सोडला तेव्हा दोन बोटं वाकडी लोंबत होती. त्यानं ती दुसऱ्या हातात धरली, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बराबर हाय. चांगला चालून राह्यला."

सुभद्रानं त्या पोरीला जवळ ओढलं, कोणता रंग पाहिजे विचारलं, आणि त्याच लोखंडी बोटांत तिचा हात घेतला. पोरगी माझ्याशी काहीबाही बोलत होती, तिला बांगड्या चढल्याचं भानही नव्हतं. मिस्त्री शेवटची बांगडी चढेपर्यंत उभा राहून बघत होता. मग एसटीकडे गेला.